पिअर आणि अम्पायर

शोधनिबंध छापण्याआधी तो त्याच विषयातल्या जाणकारांकडे तपासायला पाठवतात. हाच ‘पिअर रिव्ह्यू’. यातला ‘पिअर’ म्हणजे लॅटिन ‘पार’, बरोबरीचा. इंग्लंडच्या राजाकडून सरदारांनी लिहून घेतलेल्या १२१५च्या सनदेचं, मॅग्ना कार्टाचं, ३९वं कलम सांगतं, की बरोबरीच्यांचा निवाडा किंवा देशाचा कायदा यांशिवाय स्वतंत्र माणसाला कैदेत टाकू नये.

मी अडकलो तो ‘अम्पायर’पाशी. हा शब्दही ‘पार’च्याच घरातला, फक्त उलटा! जुन्या फ्रेंचमध्ये ‘नॉनपेर’ म्हणजे बरोबरीचा नसलेला, जोडीबाहेरचा. इंग्रजीत तो ‘अ नम्पेर’ झाला आणि बोलता बोलता त्यातला ‘न’ मागच्या ‘अ’ला चिकटला: ‘अ‍ॅन अम्पायर’. ‘नेप्रन’चा ‘एप्रन’ असाच झाला. त्याचा भाऊबंद ‘नॅपकिन’ मात्र ‘न’ राखून आहे.

हा जोडीबाहेरचा लागतो कधी? दोन लवादांचं जुळलं नाही की. आपल्या १९४०च्या लवाद कायद्यातही लवाद समसंख्येने असतील तर त्यांनी अम्पायर नेमावा, असं होतं.

आता १८३२ची लंडनमधली विज्ञानसंस्था रॉयल सोसायटी पाहा. खगोलशास्त्रज्ञ एअरी यांच्या निबंधावर सोसायटीतल्याच व्हेवेल आणि लबक या दोघा जाणकारांनी मिळून अभिप्राय द्यायचा होता. व्हेवेलना निबंधाचा गौरव करायचा होता, लबकना त्यातल्या चुका दाखवायच्या होत्या. असा अभिप्राय मागवण्याच्या पहिल्याच खेपेला दोन पिअर भांडले! आजही असं झालं की संपादक तिसऱ्याकडे धाव घेतात. त्यालाही आपण पिअरच म्हणतो. माझ्या मते तो अम्पायर आहे.

‘पिअर रिव्ह्यू’ हा शब्दप्रयोग रुळला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेतल्या संशोधन-अनुदानांच्या चर्चेतून; न्यायालयाशी त्याचा संबंध नाही, असा आक्षेप येईल. शब्दांची जोडी तेव्हाची, मान्य. पण तपासनिसाला ‘रेफरी’ म्हणायची पद्धत त्याआधीची आहे. रेफरी म्हणजे ज्याच्याकडे वाद सोपवला तो. हा शब्द कज्ज्यातूनच आला. मग ‘पिअर’ तेवढा वेगळ्या वाटेने आला, हे मला पटत नाही.

मॅग्ना कार्टा लिहून घेणाऱ्या सरदारांना आपला निवाडा सरदारांनीच करावा, असं वाटत होतं. मग तुरुंगावरच्या निबंधाचा पिअर कोण? प्राध्यापक, की तिथे वर्षं काढलेला माणूस? कॅनडात १९८८ साली ‘जर्नल ऑफ प्रिझनर्स ऑन प्रिझन्स’ निघालं. त्यात तुरुंगाबद्दल लिहितात ते मुख्यतः आजी-माजी कैदी.