सनदेचा टेकू

सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिराच्या शेजारी भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी ते उभं केलं. तिथल्या मोडी कागदांच्या रुमालांत वतनाच्या, इनामाच्या सनदा आहेत. बाहेर येऊन नागनाथ पाराकडे किंवा पेरुगेटाकडे चालू लागलं, की जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या दारांवर वकिलांच्या पाट्या दिसतात. त्या पाट्यांमागेही सनदच असते. नव्या वकिलाला ‘सनद कधी मिळाली?’ असंच विचारतात. पेशव्यांच्या दप्तरातला शब्द आज महाराष्ट्र व गोव्याच्या बार कौन्सिलच्या कागदावर येऊन बसला आहे. मधल्या काळात त्याचा अर्थ फारसा हललेला नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याने दुसऱ्याला लिहून दिलेला हक्क म्हणजे सनद.

शब्द मूळचा अरबी. त्याचा पहिला अर्थ टेकू, ज्यावर भार टाकता येतो असा आधार. वकिलीच्या व्यवसायात बाईच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पुरुषांचा मागोवा घेताना मला हा मूळ अर्थ फार उपयोगी पडतो. हल्ली अशा पुरुषांचे सत्कार होतात, आणि ते व्हावेत असं मला मनापासून वाटतं. पण शाल पांघरताना एक प्रश्न विचारायला हवा: यांनी टेकू दिला तो नेमका कशाचा? भाषणाचा, सहीचा, आपल्या चेंबरमधल्या एका टेबलाचा, की कायद्यातल्या एका कलमाचा?

ही गोष्ट पुण्यातूनच सुरू करता येते. रेव्हरंड सोराबजी खरसेटजी आणि फ्रान्सिना सोराबजी हे जोडपं इथे राहत होतं. फ्रान्सिनाबाईंनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं. मुंबई विद्यापीठाची दारं तेव्हा मुलींना बंद होती आणि थोरल्या मुलींना त्याचा फटका बसला. पुढे दार उघडलं, तेव्हा धाकटी कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात दाखल झाली. जन्म नाशिकचा, १८६६ चा. ती इलाख्यात पहिली आली. पहिल्या येणाऱ्याला विलायतेला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. हिला मिळाली नाही, कारण ती मुलगी होती.

मग इंग्लंडमध्ये लेडी हॉबहाउस यांच्या पुढाकाराने वर्गणी गोळा झाली. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या आणि सर विल्यम वेडरबर्नही होते. वेडरबर्न मुंबई इलाख्याच्या सनदी नोकरीत वर्षानुवर्षं राहिलेले, काँग्रेसचे अध्यक्ष झालेले. त्यांनी इथे काय केलं? खिशात हात घातला. हे छोटं नाही. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डला पोचली आणि कायदा शिकू लागली. परीक्षेची वेळ आली तेव्हा नियम पुन्हा आडवा आला. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी विद्यापीठाकडून खास ठराव करून घेतला. १८९२ साली ती बी.सी.एल.च्या परीक्षेला बसली. बाईमाणसाने ती परीक्षा देण्याची ती पहिली वेळ. परीक्षा देता आली, पदवी मात्र मिळाली नाही, कारण बायकांना पदवी द्यायची ऑक्सफर्डची तयारी नव्हती.

ती पुण्याला परतली ती सनदेशिवाय. आणि तरीही १८९६ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खुनाच्या खटल्यात ती आरोपीच्या बचावाला उभी राहिली.

हे कसं जमलं, ते नीट पाहण्यासारखं आहे. फौजदारी प्रक्रियेच्या तेव्हाच्या कायद्यात वकिलाच्या व्याख्येला एक शेपूट होतं: न्यायालयाच्या परवानगीने नेमलेली इतर कोणीही व्यक्ती. सनदवाल्यांच्या यादीत नाव नसलेल्या माणसासाठी ठेवलेली ती फट होती. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात बाई असेल, असं मला वाटत नाही. पण फट होती, आणि खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशाने ती बुजवली नाही. त्याला कायदा बदलावा लागला नाही, समाजाशी भांडावं लागलं नाही. ‘परवानगी आहे’ एवढंच म्हणायचं होतं. ते न म्हणण्याची हजार कारणं त्या काळाने त्याच्या पुढ्यात ठेवली होती. मला हा टेकू सगळ्यांत आवडतो, कारण रोजच्या कामात, रोजच्या अधिकारात तो दिला गेला. आजही न्यायालयांतली बरीचशी विषमता अशाच लहान परवानग्यांत अडकलेली असते.

अर्थात परवानगी आजची उद्या चालत नाही. सनद चालते. कॉर्नेलियाने १८९७ साली मुंबईची एलएल.बी. केली, १८९९ मध्ये अलाहाबादची वकिलीची परीक्षा दिली. सनद दोन्हीकडे नाही. पुढे १९०४ पासून बंगालमध्ये पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींसाठी सरकारी सल्लागार म्हणून त्यांनी जन्म काढला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांचं नाव यादीत घातलं ते १९२१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर.

पुण्याला इथे थोडा हिशेब द्यावा लागतो. १८८४ ते १८८८ या काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. लहानपणी लागलेलं लग्न मान्य करून नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या वकिलांत काशिनाथ त्रिंबक तेलंग होते. न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलात तो फिरला. १८८७ मध्ये ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग’ असा हुकूम झाला. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. या सगळ्या काळात पुण्याहून निघणारा ‘केसरी’ रखमाबाईंच्या विरोधात लिहीत होता आणि पेठांमधून तो आवडीने वाचला जात होता. अशा हवेत तेलंगांनी वकीलपत्र घेतलं. वकिलाकडे देण्यासारखी वस्तू एकच असते, वकीलपत्रावरची सही. ती त्यांनी दिली.

रानड्यांचं नाव घेतल्याशिवाय पुणेकराला राहवत नाही, तर घेतो. १८७१ पासून ते पुण्यात न्यायाधीश होते. १८८४ मध्ये हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, ती काढणाऱ्यांत ते होते. पत्नी रमाबाईंना त्यांनी घरी शिकवलं आणि रमाबाईंनी पुण्याचं सेवासदन उभं केलं. पण हेच रानडे १८७३ मध्ये विधुर झाल्यावर वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी बोहल्यावर चढले होते, आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही असं केलं म्हणून त्यांच्यावर तेव्हा टीका झाली, ती रास्तच होती. सत्कारमूर्ती निवडताना ही बाजू झाकायचं कारण नाही. झाकली तर रमाबाईंच्या वाट्याचं श्रेयही झाकलं जातं.

सनदेच्या वाटेवरचा खरा धोंडा एका शब्दात होता. १८७९ च्या कायद्यात परीक्षा उत्तीर्ण झालेल्या ‘पर्सन’ला, म्हणजे व्यक्तीला, वकिली करता येईल असं होतं. पुल्लिंगी शब्दात स्त्रीही धरावी, असा सर्वसाधारण नियमही होता. तरी १९१६ मध्ये कलकत्त्याच्या पूर्णपीठाने रेजिना गुहा यांना आणि १९२१ मध्ये पाटण्याने सुधांशुबाला हाजरा यांना परत पाठवलं. बाई ही व्यक्ती खरी, पण या व्यवसायापुरती नाही! सुधांशुबालांच्या पाठीशी ओडिशाचे मधुसूदन दास उभे होते. खटला हरला, पण त्याचा फायदा असा झाला की आता कोर्टात युक्तिवाद करून भागणार नाही, कायदाच करायला हवा, हे स्पष्ट झालं. नागपुरात वकिली गाजवलेले डॉ. हरिसिंग गौर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात हा प्रश्न लावून धरला. १९२३ चा स्त्री वकिलांचा कायदा झाला. त्याचा गाभा एका वाक्याचा: केवळ स्त्री आहे म्हणून कोणी सनदेला अपात्र ठरणार नाही.

त्याच सुमारास मिठन टाटा विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली स्त्री ठरल्या. भुलाभाई देसाईंनी त्यांना आपल्या चेंबरमध्ये घेतलं. सनद हातात असूनही काम शिकायला जागा लागते, आणि ती जागा तेव्हा पुरुषाच्याच हातात होती. मिठनबाईंनी आपल्या पहिल्या खटल्याची आठवण सांगितली आहे. समोरच्या पक्षाला एका मुलीकडून हरल्याची नामुष्की यावी, म्हणून अशिलाला त्या हव्या होत्या! त्यांनी खटला घेतला. टेकू कोणत्या हेतूने दिलाय हे बघत बसायची चैन तेव्हा परवडणारी नव्हती.

पुण्यात १९२४ मध्ये इंडियन लॉ सोसायटीचं कॉलेज सुरू झालं. पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे. याच कॉलेजातून पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड वकील झाले आणि पुढे सरन्यायाधीश. १९८५ मध्ये व्यभिचाराच्या कलम ४९७ ला त्यांच्या पीठासमोर आव्हान आलं, तेव्हा त्यांनी ते कलम कायम ठेवलं. त्या कलमात नवऱ्याची संमती असेल तर गुन्हा नाही, म्हणजे बायको ही नवऱ्याच्या मालकीची बाब. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी ते कलम रद्द केलं आणि त्यांत त्यांचा मुलगा धनंजय होता. वडिलांचा निकाल चुकला असं लिहिणं, हा सही देण्याचा सगळ्यांत अवघड प्रकार असावा. २०२३ मध्ये धनंजय यांच्याच सरन्यायाधीशपदाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रांतल्या भाषेसाठी पुस्तिका काढली. ‘करिअर वुमन’ लिहू नका, ‘स्त्री’ लिहा. ‘पर्सन’ या शब्दात बाईला जागा शोधण्यापासून निघालेली वाट इथवर आली.

आणि मे २०२४ मध्ये न्या. सूर्य कांत आणि न्या. विश्वनाथन यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या वकील संघाच्या कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा स्त्रियांना ठेवायला लावल्या. सनद देऊन शंभर वर्षं झाल्यावर खुर्चीचा प्रश्न आला. १९५० पासून २०२१ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झालेल्या स्त्रिया अवघ्या अकरा. त्यांतल्या सुजाता मनोहर आणि रंजना देसाई न्यायाधीश म्हणून सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयात होत्या.

ऑक्सफर्डने कॉर्नेलियाला पदवी दिली ती १९२२ मध्ये, परीक्षेनंतर तीस वर्षांनी. जोवेट १८९३ मध्येच वारले होते. तेलंगही त्याच साली गेले, जेमतेम त्रेचाळिशीत, आणि मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या रिकाम्या जागेवर पुण्याहून रानडे गेले. १९२३ चा कायदा झाला तेव्हा या तिघांपैकी कोणीही हयात नव्हतं.