उघाडीचा राखणदार

"नदीवर काम करायचंय, काय शिकू?" असं विचारत आमच्या मानखुर्दच्या आगरवाडीतली, मंडाळ्यातली, लल्लूभाई कंपाउंडमधली मुलं हल्ली माझ्याकडे येतात. पावसाच्या पाण्याच्या नाल्यांवर स्थापत्य अभियंता म्हणून माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळे अभ्यासक्रमांची नावं मला ठाऊक असतील, असं त्यांना वाटतं. ती मी सांगतोच. पण त्याआधी त्यांना इतिहास ऐकवतो, कारण हा पेशा आजकालचा नाही. ठाण्याच्या खाडीकाठी पाण्याची वाट सांभाळायला पूर्वी माणूस नेमलेला असे आणि पाण्याच्या वेळा त्याला तोंडपाठ असत.

माझा आजा मिठागरावर उघाडी राखायचा. खाडीकडच्या मातीच्या मोठ्या बांधात पाणी आत-बाहेर करायला लाकडी फळ्यांचं दार असतं, ती उघाडी. आश्विन-कार्तिकात पाऊस सरला की बांधाची डागडुजी व्हायची आणि उधाणाच्या भरतीचं पाणी उघाडीतून आत घेतलं जायचं. मोठ्या तळ्यात ते काही दिवस तापायचं, मग लहान वाफ्यांत यायचं, आणखी दाट व्हायचं आणि शेवटच्या वाफ्यात त्याचं मीठ धरायचं. हे थेट वैशाख-ज्येष्ठापर्यंत चाले. पावसाळ्यात काम उलटं होई. वरून आलेलं गोडं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरती लागायच्या आत दार बंद करायचं. फळी तासभर उशिरा पडली तर खारं पाणी आत शिरे, बांधावर दाब येई आणि खांड पडे. एकदा खांड पडली की आधी बोटभर असलेली वाट दोन भरत्यांत बैलगाडी जाईल एवढी रुंद होते.

आज्याकडे घड्याळ नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्याने मला शिकवला. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला मध्यान्हीच्या आसपास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेचं ते उधाण, अष्टमीच्या आसपासचा तो भांग. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण पुढे भरतीची छापील कोष्टकं हातात आली तेव्हा त्यातला एकही आकडा मला परका वाटला नाही.

अशी राखण फक्त मिठागरांपुरती नव्हती. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात भातशेती उभी राहिली ती बांध आणि उघाडीच्या जोरावर. गोव्याच्या खाजन जमिनींत तेच काम मानस नावाचं दार करतं. तिथे गावकरी संस्था बांधांची देखभाल पाही आणि मानशीजवळच्या मासेमारीचा हक्क लिलावात जाई. दार राखणं आणि पोट भरणं एकाच जागी बांधलेलं होतं. स्वातंत्र्यानंतर सरकारनेही हे काम सार्वजनिक मानलं. १९४८ साली मुंबई राज्याने खारजमिनींचा कायदा केला आणि १९७९ साली महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा. म्हणजे पाण्याच्या दारावर माणूस असावा, ही समज कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोचली होती.

मुंबईत मात्र गोष्ट वेगळ्या वळणावर गेली. पिण्याच्या पाण्यासाठी हेन्री कॉनिबेअरच्या आराखड्यावरून गोपर नदीचं खोरं अडवलं गेलं आणि १८६० साली विहार तलाव पुरा झाला. आज आपण जिला मिठी म्हणतो, तिच्या माथ्यावरचं हे पाणी. पुढे पवई तलावही त्याच पाणलोटात झाला. शहराची तहान भागली आणि ते आवश्यकच होतं. पण त्या दिवसापासून मिठीला बारमाही वाहायला आपलं पाणी उरलं नाही. पावसाळ्यात तलावांवरून सांडेल ते आणि काठच्या वस्त्या, गोठे, कारखाने सोडतील ते, एवढ्यावर तिचं १७.८४ किलोमीटरचं अंग माहीमच्या खाडीपर्यंत जाऊ लागलं.

आमच्या बाजूला, ठाण्याच्या खाडीकाठी, पाण्याबरोबर कचरा आला. १९०६ साली कुर्ला-चेंबूर ही एकेरी रेल्वेलाइन टाकली गेली, त्यात शहराचा कचरा वाहून आणणं हा मोठा हेतू होता. प्रवासी गाड्या तिच्यावर १९२४ साली आल्या. १९२७ पासून देवनारला कचराभूमी सुरू झाली. खाडीचा जो किनारा भरतीचं पाणी पसरायला मोकळा होता, तो हळूहळू डोंगर झाला. १९७३ साली वाशीचा पूल झाला, १९९२ साली रेल्वे खाडी ओलांडून पलीकडे गेली. मधल्या वर्षांत ज्यांना शहराने दुसरीकडून उठवलं, ती माणसं इथे आणून वसवली गेली. त्यांना जागा मिळाली ती नाल्याच्या, दलदलीच्या कडेला. रफीनगरच्या नाल्याकाठी राहणाऱ्या बाईला पूर म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही.

या काळात पाण्याचं काम दोघांत वाटलं गेलं. अभियंता नकाशावर उतार आणि व्यास काढू लागला, कामगार नाल्यात उतरून हाताने गाळ उपसू लागला. आज्याच्या ठायी हिशेब आणि हात एकत्र होते, ते वेगळे झाले. नाल्यात आणि गटारात उतरणारा माणूस कोणत्या जातीचा असायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. माणसाला मैल्यात उतरवण्यावर कडक बंदी घालणारा कायदा २०१३ साली आला. नदी वाचवण्याच्या कामाचा इतिहास या माणसांना वगळून लिहिला तर तो खोटा ठरेल. शहर दर पावसाळ्यात वाहतं राहिलं ते त्यांच्या खांद्यांवर.

मी नोकरीला लागलो तेव्हा मुंबईची पर्जन्यवाहिनी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशी होती, आणि तेही ओहोटी असताना. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला आणि १९९३ साली पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल आला. त्याने ही क्षमता तासाला ५० मिलिमीटरवर न्यायला सांगितलं, पाणी उपसणारी उदंचन केंद्रं सुचवली. अहवाल कपाटात आणि पाणी रस्त्यावर, अशी पुढची बारा वर्षं गेली. त्या काळात मला खरं काम शिकवलं ते एका मुकादमाने. कोणत्या नाल्याचं मुख किती भरतीला बुडतं, कुठल्या पुलाखाली केबल आडवी गेल्यामुळे कचरा अडतो, कुठला नाला वरून कोरडा दिसला तरी खालून भरलेला असतो, हे तो वहीत लिहून ठेवी. महाराष्ट्रनगरच्या भुयारी मार्गात पाणी का तुंबतं, हे नकाशावरून कळायला मला आठवडे लागले असते. त्याने काठी टेकवून पाच मिनिटांत दाखवलं: रस्ता खाली, नाला वर आणि समोरून भरती.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला त्याच दिवशी शंभराच्या आतच होता. दुपारी ४.४८ मीटरची भरती होती. वरून येणारं पाणी खाडीच्या दारात अडलं आणि शहरात परतलं. त्या पावसाने राज्यात हजाराहून अधिक माणसं गेली. मिठी ही नदी आहे, गटार नाही, हे मुंबईने त्या दिवशी पुन्हा मान्य केलं. १९ ऑगस्टला मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. चितळे म्हणजे महाराष्ट्राच्या सिंचन खात्यातून केंद्राच्या जलसंसाधन सचिवपदापर्यंत गेलेला आणि १९९३ साली स्टॉकहोमचा जल पुरस्कार मिळवलेला अभियंता. २००६ साली समितीचा अहवाल आला. १९१६ साली सुरू झालेल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेने मिठीच्या प्रवाहाचा अभ्यास करून पात्राची खोली-रुंदी सांगितली. नदीची जबाबदारीही वाटली गेली, खालचे सहा किलोमीटर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आणि वरचा भाग महापालिकेकडे.

त्यानंतर पात्र रुंद झालं, खोल झालं, काठाला भिंती आल्या, उदंचन केंद्रं उभी राहिली. हे काम लहान नाही. पण या साऱ्यात एक गोष्ट हरवली. जुना माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागी ठेका आला. ठेक्याचा माणूस मार्च-एप्रिलमध्ये येतो, गाळाच्या गाड्या मोजल्या जातात आणि पाऊस लागला की तो जातो. पुढच्या वर्षी दुसरा ठेका, दुसरी माणसं. मुकादमाच्या वहीला वारस राहिला नाही. नदी वर्षभर आणि भरती दिवसातून दोनदा येते. मोसमी माणसाला ती ओळख देत नाही.

याच वर्षांत काठावर एक वेगळा पेशा उगवला आणि त्याने मला खूप आशा दिली. २००५ साली उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीवर बंदी आणली. जानेवारी २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात कांदळवन कक्ष सुरू झाला, देशातला असा पहिलाच. एन. वासुदेवन यांनी तो सुरुवातीच्या वर्षांत उभा केला. २०१५ साली ठाणे खाडीत सुमारे १,६९० हेक्टरचं रोहित पक्ष्यांचं अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ साली खाडीला पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. तिवराच्या बिया पावसाळ्यात गोळा करून पिशव्यांत रोपं वाढवणारे मजूर, बोटीतून गस्त घालणारे वनरक्षक, उपग्रहाच्या चित्रांवरून भराव शोधणारे तरुण, चिखलात गुडघाभर उतरून शिंपले-खेकडे मोजणाऱ्या प्राणिशास्त्राच्या मुली, असे कितीतरी नवे हात खाडीला मिळाले.

त्यांचं काम पाहायला मी गेलो तेव्हा जिथे कांदळवन मेलं होतं तिथे ते आधी चर खणत होते. मधे एक मुख्य चर आणि दोन्ही बाजूंनी तिरके फाटे, मासळीच्या काट्यासारखे. भरतीचं पाणी आत यायला आणि ओहोटीला निघून जायला वाट केली की तिवर पुष्कळदा आपोआप रुजतं, रोप लावावंही लागत नाही. आज्याने जन्मभर हेच केलं होतं. त्याने मिठासाठी, यांनी जंगलासाठी. विद्या तीच: पाण्याला येऊ द्या, जाऊ द्या, आणि मधल्या वेळेवर डोळा ठेवा.

बाहेरच्या जगानेही याच वाटेने प्रवास केला आहे. नेदरलँड्समध्ये तेराव्या शतकापासून बांध राखणारी पाणी मंडळं आहेत. आजही त्यांच्या निवडणुका होतात, त्यांचा स्वतंत्र कर आहे आणि बांधांचा प्रमुख हा मानाचा हुद्दा आहे. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर त्यांनी भिंती उंच करण्यावर सगळी भिस्त ठेवली नाही. तिसांहून अधिक ठिकाणी बांध मागे घेऊन, पात्र मोकळं करून नदीला पसरायला जागा दिली. तसं करता आलं, कारण प्रत्येक बांधाची शतकांची नोंद ठेवणारी माणसं आणि संस्था तिथे टिकून होत्या. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. खाडी जगली तर त्यांचं घर चालतं, म्हणून खाडीवर त्यांची नजर राहते. गोव्याच्या मानशीवरचं जुनं सूत्रच त्यांनी नव्या रूपात आणलं आहे.

म्हणून मुलांना मी सांगतो, स्थापत्याची पदविका घ्या, वनस्पतिशास्त्र शिका, वनरक्षकाच्या भरतीला बसा, नकाशांचं संगणकी काम शिका. छत्रपती संभाजीनगरची जल व भूमी व्यवस्थापन संस्था (वाल्मी), नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी), पवईची आयआयटी, यांची दारं ठोठावा. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून निघालेल्या 'चला जाणूया नदीला' अभियानात राज्यातल्या ७५ नद्या होत्या, अशा कामांत शिरा. पण त्याआधी आपल्या घरामागच्या नाल्याचं मुख वर्षभर पाहा. अमावास्येला पाणी कुठवर येतं, अष्टमीला कुठे थांबतं, पावसात कुठे अडतं, ते तारीख-वेळेसह लिहा. तुम्ही इथे जन्मलात, हे तुमचं सगळ्यात मोठं शिक्षण आहे, ते वाया घालवू नका.

आणि जे नद्यांच्या योजना आखतात त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. प्रत्येक नाल्याच्या मुखावर, मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा या चारही नद्यांच्या काठी ठरावीक अंतरावर, कायम पगारी माणूस नेमा. तो त्याच काठच्या वस्तीतला असू द्या. त्याला सुरक्षेची साधनं द्या, भरतीचं कोष्टक द्या, पाणी मोजायचं शिक्षण द्या आणि त्याच्या नोंदीवाचून कोणताही आराखडा मंजूर करू नका. मानखुर्दची मुलं हे काम करतील. त्यांच्या पणज्यांनी ते केलेलं आहे. अडलं आहे ते फक्त नेमणुकीच्या कागदावर.