गुडघ्याच्या उंचीचा इतिहास

अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीचे प्रमुख के. टी. केलर यांचा एक हट्ट मोटारींच्या इतिहासात आजही विनोद म्हणून सांगितला जातो. डोक्यावरची हॅट न काढता माणसाला गाडीत बसता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून १९४९ सालच्या क्रायस्लर गाड्या उंच आणि डबाछाप निघाल्या. आमच्या सीट खुर्चीएवढ्या उंच आहेत, अशी जाहिरातही कंपनीने केली. लोकांना मात्र फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या बुटक्या, लांबलचक गाड्या आवडल्या. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डने क्रायस्लरला मागे टाकून दुसरा क्रमांक घेतला. १९५७ उजाडेपर्यंत क्रायस्लरच्या गाड्याही बुटक्या झाल्या होत्या, वर मागे माशाच्या परासारखे पंख.

केलर हरले, पण त्यांच्या हट्टात हॅटपेक्षा मोठी गोष्ट होती. सीट गुडघ्याच्या पातळीला असली की माणूस आधी टेकतो आणि मग एकेक पाय आत घेतो. सीट बरीच खाली असली तर शेवटच्या वीतभर अंतरात मांड्यांचा जोर संपतो आणि माणूस बसत नाही, पडतो. उतरताना तेच वजन खालून वर उचलावं लागतं. विशीत हे जाणवतही नाही. सत्तरीत त्यावरच ठरतं की लग्नाला जायचं की घरी थांबायचं.

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा आला, कारण अँबॅसडर मुळातच उंच होती. सुमारे १.६ मीटर उंचीची ती गाडी, आत सोफ्यासारखी सीट. पिकअपच्या नावाने आनंद, पण आजोबा धोतर सावरत आरामात बसायचे. मग १९८३च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली. ७९६ सीसीचं इंजिन, जेमतेम ३७ अश्वशक्ती, तरी ती अँबॅसडरपुढे पळायची, कारण तिचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास होतं. उंची मात्र सुमारे १.४ मीटर. चपळ गाडी म्हणजे बुटकी गाडी, हे समीकरण आपल्या डोक्यात बहुधा तिथेच पक्कं झालं.

ते समीकरण अर्धंच खरं आहे. पिकअप ठरतो तो ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तरावर, उंचीवर नाही. उंचीमुळे वळणावर गाडी जास्त कलते आणि महामार्गावर वारा जास्त अडतो. हा तोटा खरा आहे, पण शहरात सिग्नल सुटल्यावर झटकन निघायला तो आड येत नाही.

याचं उत्तर जपानच्या एका सरकारी नियमात सापडलं. तिथे ‘केई’ नावाच्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळते, पण आकाराला मर्यादा असते. १९९० नंतरच्या नियमांत लांबी ३.३ मीटर, रुंदी १.४ मीटर आणि इंजिन ६६० सीसी. उंचीला मात्र चक्क २ मीटरपर्यंत मुभा. मुंबईच्या बिल्डरला जे सहज सुचलं असतं, तेच सुझुकीच्या इंजिनिअरांनी केलं: जागा वरच्या दिशेला शोधली. १९९३ साली वॅगनआर आली. यातली गंमत भूमितीची आहे. माणूस ताठ बसला की पाय पुढे पसरण्याऐवजी खाली जातात, त्यामुळे तेवढ्याच लांबीत जागा वाढते. सीट उंचावली ती जागा वाचवण्यासाठी. म्हाताऱ्या गुडघ्यांचा त्यात फुकट फायदा झाला.

ही कल्पना एकट्या सुझुकीची नव्हती. इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारो यांनी १९७८मध्येच लान्चिया मेगागामा ही उंच गाडी नमुना म्हणून दाखवली होती. होंडाने १९८१च्या सिटीला ‘टॉल बॉय’ म्हटलं होतं. भारतात १९९८ला सँट्रो आली, १९९९ला वॅगनआर. दोघींच्या रूपाला नावं ठेवली गेली आणि दोघी भरपूर खपल्या.

हे सगळं मी वाचलं ते आजीमुळे. एका नातेवाइकांच्या नव्या सेडानमधून उतरताना तिला दोघांनी धरून ओढावं लागलं. त्यानंतर ती प्रत्येक बेताला “तुम्ही जा, मी घरीच बरी” म्हणू लागली. गुडघ्यांपेक्षा तिला चारचौघांत ओढलं जाणं दुखलं होतं. घरात नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मला पिकअप हवा होता आणि बाबांना आजी गाडीत हवी होती. मोठी एसयूव्ही हा मधला मार्ग वाटला, पण तिथे दुसरंच टोक निघालं. नऊवारी नेसलेल्या बाईला एवढा उंच पाय टाकता येत नाही. खुर्चीचा जिना होतो.

शेवटी मी टेप घेऊन शोरूममध्ये गेलो. आजीच्या गुडघ्याची उंची घरीच मोजली होती. जमिनीपासून सीट किती, दाराचा उंबरठा किती रुंद, दार किती उघडतं, आत जाताना डोकं कुठे लागतं, एवढंच पाहिलं. मग अश्वशक्तीला वजनाने भागलं. जुन्या मारुती ८००ला टनामागे साधारण ५७ अश्वशक्ती मिळायची, आजच्या १.२ लिटरच्या वॅगनआरला शंभराच्या आसपास. इग्निसही त्याच घरातली. दोघींत आजी एकेकदा बसून उतरली. वॅगनआरमधून कुणाचा हात न धरता उतरली आणि म्हणाली, “हिच्यात बसता येतं.” तिथेच निर्णय झाला.

मी चाळलेल्या एकाही माहितीपत्रकात सीटची जमिनीपासूनची उंची दिलेली नव्हती. लांबी, रुंदी, डिकीचे लिटर, स्क्रीनचे इंच, सगळं होतं. केलरच्या काळात ही उंची जाहिरातीत मिरवायची गोष्ट होती. आता ती गिऱ्हाइकानेच टेप लावून मोजायची, आणि शक्य असेल तर ज्याच्या गुडघ्यांसाठी मोजतोय त्या माणसाला सोबत न्यायचं.