पदवी आधी की वैद्यक आधी? अमेरिकेतील वैद्यकप्रवेशाच्या दोन मार्गांचा इतिहास

आनंदीबाई जोशी 1883 साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते आणि त्यांच्यापाशी कोणतीही महाविद्यालयीन पदवी नव्हती. 1886 च्या मार्च महिन्यात त्या एम. डी. झाल्या. या घटनेचे स्मरण आपल्याकडे सामान्यतः स्त्रीशिक्षणाच्या संदर्भात होते, व ते योग्यच आहे. तथापि तिला दुसरीही एक बाजू आहे. अवघ्या दहा वर्षांनंतर बाल्टिमोर येथे जे नवे वैद्यक विद्यालय उघडले त्याचा नियम फिलाडेल्फियात लागू असता, तर आनंदीबाईंना तेथे प्रवेशच मिळाला नसता. वैद्यकाच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वी विद्यार्थ्याने किती व काय शिकलेले असावे, हा प्रश्न अमेरिकेत दीडशे वर्षे वादाचा राहिला आहे. त्याची जी दोन उत्तरे आज तेथे शेजारी शेजारी नांदतात, त्यांच्या इतिहासाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम संज्ञांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण या विषयातील पुष्कळसा गोंधळ संज्ञांतूनच उद्भवतो. आपल्याकडे एम. बी. बी. एस. ही वैद्यकाची पहिली पदवी असून एम. डी. ही पदव्युत्तर होय. अमेरिकेत मात्र एम. डी. हीच वैद्य होण्याची पहिली पदवी आहे. असे नेहमीच होते असे नाही. फिलाडेल्फियात 1765 साली त्या देशातील पहिले वैद्यक विद्यालय निघाले, तेव्हा तेथेही आरंभी 'बॅचलर'ची पदवी दिली जात असे. ती पुढे लोप पावली व वरचे नाव तेवढे उरले. दुसरी संज्ञा 'प्रीमेड' ही. ती कोणत्याही विषयाचे नाव नव्हे आणि कोणत्याही पदवीचेही नव्हे. इतिहास किंवा रसायन घेऊन पदवीचा अभ्यास करणारा विद्यार्थी स्वतःला 'प्रीमेड' म्हणवितो तेव्हा तो आपण काय शिकतो हे सांगत नसून आपणांस काय व्हावयाचे आहे हे सांगत असतो. एखाद्या विद्यार्थ्याची चार वर्षे त्याच्या इच्छेच्या नावाने ओळखली जावीत, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रश्न व्यवहारात उद्भवतच नव्हता. बहुतेक वैद्यक शाळा खाजगी मालकीच्या होत्या व विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालत. चार-पाच महिन्यांची दोन व्याख्यानसत्रे, त्यांतील दुसरे बहुधा पहिल्याचीच पुनरावृत्ती, एवढ्यावर पदवी मिळे. पूर्वशिक्षणाची अट घालणे म्हणजे शुल्कावर पाणी सोडणे होते. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी 1870 च्या सुमारास लेखी परीक्षा सुरू करण्याचे मनात आणले, तेव्हा निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना धड लिहिताच येत नाही, असा आक्षेप त्यांना वैद्यक शाखेतील ज्येष्ठांकडून ऐकावा लागला. ही आठवण एलियट यांनीच पुढे सांगितली आहे. 1871 साली त्यांनी तीन वर्षांचा क्रमबद्ध अभ्यासक्रम आणला. परंतु प्रवेशास पदवी हवी हा नियम हार्वर्डमध्ये अंमलात येण्यास 1901 साल उजाडले.

तो मान त्यापूर्वीच जॉन्स हॉपकिन्सने मिळविला होता. तेथील रुग्णालय 1889 साली उघडले. वैद्यक विद्यालय मात्र पैशाअभावी रखडले. मेरी गॅरेट या श्रीमंत स्त्रीने तीन लाख डॉलरांहून अधिक देणगी देऊन ते पुरे केले, पण अटी घालूनच. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा ही एक अट. आणि प्रवेशार्थी पदवीधर असावा, त्याची विज्ञानाची तयारी असावी व त्यास फ्रेंच आणि जर्मन वाचता यावे, ही दुसरी. 1893 च्या पहिल्या वर्गात तीन स्त्रिया होत्या. येथील प्राध्यापक विल्यम ऑस्लर यांनी आपले सहकारी वेल्च यांना विनोदाने म्हटले होते की, आपण दोघे प्राध्यापक म्हणून येथे आलो हे बरे झाले, विद्यार्थी म्हणून आपणांस कोणी घेतले नसते. या विनोदात नियमाचे सारे सामर्थ्य व त्याची सारी अडचण सामावली आहे. ज्या देणगीने स्त्रियांना दार उघडले, तिनेच पदवी मिळविण्याइतका पैसा व अवधी नसलेल्यांना ते बंद केले.

अपवादाचा नियम झाला तो 1910 नंतर. कार्नेगी प्रतिष्ठानाने एब्राहम फ्लेक्सनर यांच्याकडे वैद्यक शाळांच्या पाहणीचे काम सोपविले. ते स्वतः वैद्य नव्हते. पेशाने शिक्षक होते. अमेरिका व कॅनडा येथील 155 शाळा त्यांनी तपासल्या. त्यांपैकी केवळ 16 शाळा दोन किंवा अधिक वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण मागत होत्या. येथे हे लक्षात घेतले पाहिजे की, सर्वत्र पूर्ण पदवीची अट घालावी असे फ्लेक्सनर यांचेही म्हणणे नव्हते. दोन वर्षांचे विज्ञानप्रधान शिक्षण हे किमान प्रमाण त्यांनी व्यवहार्य मानले. चार वर्षांची पदवी ही पुढे स्पर्धेमुळे आलेली वस्तुस्थिती होय. अहवालानंतर अनेक शाळा बंद पडल्या. त्यांत निकृष्ट शाळा होत्या, तशाच कृष्णवर्णीयांसाठी चालणाऱ्या सात शाळांपैकी पाच होत्या. हॉवर्ड व मेहॅरी या दोनच टिकल्या. दर्जा वाढला आणि दार अरुंद झाले, या दोन्ही गोष्टी एकाच सुधारणेने घडविल्या.

याप्रमाणे पूर्वपदवीचा मार्ग जन्मास आला तो अपुऱ्या तयारीवरील उपाय म्हणून. कालांतराने त्याचे कार्य बदलले. जागांपेक्षा इच्छुक अधिक झाल्यावर ही चार वर्षे तयारीपेक्षा चाळणीचे काम करू लागली. 1928 साली वैद्यक विद्यार्थ्यांसाठी अभिक्षमता-चाचणी निघाली व पुढे तिचे रूपांतर एमकॅट या प्रवेशपरीक्षेत झाले. दोन महायुद्धांच्या दरम्यान अनेक विद्यालयांनी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवली, तीही या चाळणीचाच आधार घेऊन. 1978 साली लुईस टॉमस यांनी एका वैद्यकीय नियतकालिकातील निबंधात प्रीमेड वृत्तीवर कठोर टीका केली. गुणांच्या शर्यतीपायी उदार शिक्षणाचाच नाश होत आहे, असा तिचा आशय होता. ज्या पदवीचा आग्रह वैद्याला सुसंस्कृत करण्यासाठी धरला, तीच केवळ अडथळ्याची शर्यत होऊन बसली होती.

दुसऱ्या मार्गाची कुळकथा निराळी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी काही विद्यापीठे वैद्यकाची पहिली वर्षे पदवीच्या अखेरच्या वर्षांत जमा धरीत. परंतु शाळेतून निघतानाच विद्यार्थ्याला वैद्यकातील जागेचे आश्वासन देणारा जोडपदवीचा आधुनिक अभ्यासक्रम 1961 साली आकारास आला. त्या वर्षी नॉर्थवेस्टर्न व बॉस्टन या दोन विद्यापीठांनी सहा वर्षांच्या योजना सुरू केल्या. 1963 साली पेन्सिल्वेनिया राज्य विद्यापीठ व जेफर्सन वैद्यक महाविद्यालय यांनी तर पाच वर्षांची. त्यामागील कारणे उघड होती. 1959 च्या सरकारी अहवालाने वैद्यांच्या भावी टंचाईचा इशारा दिला होता आणि स्पुटनिकनंतर शाळांतील विज्ञानशिक्षणास जोर चढला होता. हुशार मुलांनी तेच तेच पुन्हा का शिकावे, असा तो युक्तिवाद होता. 1971 साली कॅन्सस सिटी येथे मिझूरी विद्यापीठाने सबंध वैद्यक विद्यालयच सहा वर्षांच्या पायावर उभे केले व पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांना रुग्णांच्या सहवासात नेले.

परंतु केवळ कालबचत हेच या मार्गाचे प्रयोजन राहिले नाही. 1973 साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात निघालेल्या योजनेचा हेतू वैद्यांची वाण असलेल्या वस्त्यांसाठी तेथीलच मुले घडविणे हा होता. उलट ब्राउन विद्यापीठाची 1980 च्या दशकातील योजना पुरी आठ वर्षांची आहे. तीत एक दिवसही वाचत नाही. तेथे विद्यार्थ्याला मिळते ते प्रवेशाच्या चिंतेपासून स्वातंत्र्य, जेणेकरून त्याने तत्त्वज्ञान किंवा संगीत निर्धास्तपणे शिकावे. म्हणजे पूर्वपदवीचा जो मूळ उद्देश, तो साधण्यासाठी पूर्वपदवीचीच चाळणी दूर करावी लागली. दरम्यान घाईच्या योजनांनी हळूहळू माघार घेतली. नॉर्थवेस्टर्न व बॉस्टन यांनी सहाची सात वर्षे केली आणि नॉर्थवेस्टर्नने तर अलीकडे ही योजनाच बंद केली.

या इतिहासावरून एक निष्कर्ष काढता येतो. दोन मार्गांतील खरा भेद वर्षांच्या संख्येचा नाही; चाळणी कोणत्या वयात लावावी, याचा आहे. जोडपदवी ती सतराव्या-अठराव्या वर्षी लावते. त्या वयात मुलाची बुद्धी जितकी दिसते, तितकीच त्याच्या घराची व शाळेची ऐपतही दिसते. पूर्वपदवी ती बाविसाव्या वर्षी लावते. तेथे पक्वतेस व मन बदलण्यास अवकाश आहे, पण तो अवकाश विकत घ्यावा लागतो. म्हणून कोणत्याही जोडपदवीची योजना पाहताना तिला किती वर्षे लागतात यापेक्षा ती कोणती उणीव भरून काढण्यास निघाली आहे, हे आधी विचारावे. वैद्यांची टंचाई, वस्तीची उपेक्षा की मनाचे स्वातंत्र्य? ज्याचा निश्चय अनुभवाने पक्का झाला आहे त्यास पहिला मार्ग हितकर. ज्याचा निश्चय वडीलधाऱ्यांचा आहे, त्यास दुसराच बरा.

आपल्या देशात हा पर्याय विद्यार्थ्यापुढे येतच नाही. मुंबईच्या ग्रँट वैद्यक महाविद्यालयात 1845 पासून पदवीवाचून प्रवेश होत आला; पुढे इंटर सायन्सची अट आली, ती जाऊन आज बारावीनंतरच्या एका परीक्षेवर सर्व अवलंबून आहे. आपण चाळणी लवकर लावतो व तीही एकच. या प्रथेचा बचाव करणाऱ्याने आनंदीबाईंचा दाखला अवश्य द्यावा. त्या अठराव्या वर्षीच वैद्यकाकडे वळल्या होत्या. मात्र त्यांची निवड कोणत्याही गुणपत्रिकेने केली नव्हती, हेही त्याच वेळी सांगावे. चौदाव्या वर्षी स्वतःचे तान्हे मूल गमावलेल्या त्या मुलीने, आपणांस वैद्य का व्हावयाचे आहे हे महाविद्यालयास पत्र लिहून कळविले होते आणि ते पत्र तेथे कोणीतरी लक्षपूर्वक वाचले होते.