गळ्यातील ग्रंथी आणि रात्रीची झोप

झोप ही मोठी अजब चीज आहे. दिवसभर नांगर धरलेल्या माणसाला ती गोठ्यातल्या बाजेवरही लागते आणि चिंतेने ग्रासलेल्याला मऊ गादीवरही लागत नाही. पण काही माणसे तिसऱ्याच तऱ्हेची असतात. रात्री आठ-नऊ तास पडून राहिली तरी सकाळी जड डोक्याने उठतात, दुपारी तांदूळ पाखडता पाखडता पेंगतात आणि इतरांना उकडत असताना अंगावर शाल ओढतात. घरचे लोक म्हणतात, 'ही कुंभकर्णाची बहीण!' सासू म्हणते, 'काम चुकवायची ढोंगं, दुसरं काय?' अशा झोपेचे मूळ पुष्कळदा गळ्यात असते, हे वैद्यकाला कसे उमगले, त्याची हकीकत आज ऐकायची आहे.

आपल्या गळ्यात, श्वासनळीच्या पुढे, फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. मराठीत तिला अवटुग्रंथी म्हणतात. दवाखान्यात मात्र सगळे थायरॉईडच म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू. ही ग्रंथी सुजून मोठी झाली की गलगंड होतो. गलगंड आपल्या वैद्यांना फार जुना ठाऊक. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे. पण ही ग्रंथी करते काय, हे कुणालाच माहीत नव्हते. गळ्याला गोलाई यावी म्हणून देवाने ती ठेवली असावी, इथपर्यंत युरोपातल्या काहींची मजल गेली होती!

१८७३ साली लंडनच्या गाय हॉस्पिटलमधले डॉक्टर विल्यम गल यांनी पाच स्त्रियांची हकीकत आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडली. चेहरा सुजल्यासारखा, जीभ रुंद आणि जाड, आवाज घोगरा, हालचाल मंद, मन सुस्त. वय वाढल्यावर धडधाकट बायकांना हे होत होते. पुढे डॉक्टर ऑर्ड यांनी त्याला 'मिक्सिडीमा' असे नाव दिले. नाव मिळाले, पण कारण सापडले नाही.

कारण सापडले ते स्वित्झर्लंडमध्ये, आणि तेही एका निष्णात शल्यवैद्याच्या हातून झालेल्या अनर्थामुळे. त्या डोंगराळ मुलखात गलगंड घरोघर. बर्न शहरातले थिओडोर कोखर हे तो कापून काढण्यात पटाईत होते. हात इतका स्वच्छ, की ग्रंथी मुळासकट निघे आणि रोगी बरा होऊन घरी जाई. १८७४ साली त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीवर अशीच शस्त्रक्रिया केली. काही वर्षांनी बातमी आली की त्या मुलीचा स्वभावच पालटला आहे. जिनिव्हाच्या रेव्हर्डिन यांनीही १८८२ साली कोखरना सांगितले की आपल्या रोग्यांतही असेच काही दिसते. तेव्हा कोखरनी जुन्या रोग्यांना पुन्हा बोलावून घेतले. ती मुलगी आली. तिची वाढ खुंटली होती, बुद्धी मंदावली होती आणि धाकटी बहीण उंचीने तिच्यापुढे निघून गेली होती. संपूर्ण ग्रंथी काढलेले अठरा जण त्यांनी तपासले. त्यांतल्या सोळा जणांची हीच दशा झालेली. सुस्ती, थंडी, सूज, जड बोलणे.

कोखरनी १८८३ साली हे सारे आकड्यांसह भरसभेत सांगितले आणि साध्या गलगंडात पूर्ण ग्रंथी काढण्याचे सोडून दिले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते थायरॉईडवरील कामासाठी. मला स्वतःला त्यांच्या हजारो शस्त्रक्रियांपेक्षा ते अठरा रोगी परत बोलावणे अधिक मोलाचे वाटते. न बोलावते, तर कोण विचारणार होते?

आता दोन धागे जुळले. १८८३ सालीच लंडनमध्ये एक समिती नेमली गेली. शंभरावर रोग्यांची माहिती गोळा करून तिने १८८८ साली निकाल दिला : गलच्या बायका आणि कोखरचे रोगी, आजार एकच, थायरॉईड नाहीशी झाल्याने होणारा.

मग उपाय काय? न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरला साधा विचार सुचला. जे कमी पडते ते बाहेरून द्यावे. १८९१ च्या फेब्रुवारीत त्याने ही कल्पना मांडली तेव्हा एका ज्येष्ठाने टिंगल केली की मग मज्जारज्जूच्या रोगावर मज्जारज्जूच वाटून द्या की! मरेने मनावर घेतले नाही. मेंढीची ताजी थायरॉईड आणून, ग्लिसरिनमध्ये तिचा अर्क काढून, त्याने तो ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. काही आठवड्यांत सूज ओसरली, बोलणे भरभर होऊ लागले, बाई हिंडूफिरू लागली. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली आणि १९१९ साली, ७४ व्या वर्षी वारली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरेने लिहून ठेवला आहे.

१८९२ मध्ये कळले की टोचायचीही गरज नाही, खाल्ली तरी ग्रंथी लागू पडते. प्लिमथच्या डॉक्टर फॉक्स यांनी तर मेंढीची ग्रंथी हलकी परतून, बारीक करून, फळांच्या मुरंब्याबरोबर खायला दिली. मग वाळवलेल्या ग्रंथीच्या पुड्या आणि गोळ्या निघाल्या.

इथून गोष्टीची दुसरी बाजू सुरू होते. अठराशे पंचाण्णव साली जर्मनीत माग्नुस-लेव्ही यांनी दाखवून दिले की थायरॉईडच्या रसाने शरीरातली भट्टी भडकते, आणि तो कमी पडला तर ती मंदावते. चूल मंद तर माणूस गार आणि पेंगुळलेला; चूल भडकली तर छाती धडधडते, घाम फुटतो, हात कापतात आणि डोळ्याला डोळा लागत नाही. पुड्यांचा जोर तर कधी कमी, कधी जास्त. त्यात वजन उतरवण्यासाठी, आजार नसतानाही, लोक त्या खाऊ लागले. झोप देणारे औषध झोप उडवणारे ठरले.

मोजून-मापून औषध देता यायला रसायनशास्त्राची वाट पाहावी लागली. २५ डिसेंबर १९१४ या दिवशी, नाताळात, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतला सत्त्वांश स्फटिकरूपात वेगळा केला. पुढे तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून त्यांना तो जेमतेम ३३ ग्रॅम मिळाला. हाच थायरॉक्सिन. १९२७ साली हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी तो प्रयोगशाळेत तयार केला. आज मिळते ती बारीक गोळी त्याचीच. तिचे माप मिलिग्रॅमच्याही हजाराव्या भागात असते, म्हणून 'एक विसरली तर दोन-चार जादा घेऊ' हा हिशेब इथे चालत नाही. हे औषध अंगात सावकाश मुरते. निम्मे ओसरायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे आज गोळी घेतली आणि उद्या झोप सुधारली, असे होत नाही; मात्रा बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासतात ते याच कारणाने.

आणि ती जड झोप? ती खरोखर गाढ असते का? १९६७ साली अमेरिकेत डॉक्टर केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोग्यांच्या मेंदूचे विद्युत-आलेख रात्रभर घेतले. उत्तर उलटे निघाले! सर्वांत गाढ झोपेचा भागच त्यांच्यात कमी होता आणि उपचारानंतर तो वाढला. म्हणजे पाहा, घरचे ज्याला 'ढाराढूर झोपलाय' म्हणत होते, त्याला खरी विश्रांती मिळतच नव्हती. १९८१ च्या सुमारास आणखी एक गोष्ट पुढे आली. गलनी सांगितलेली ती जाड जीभ रात्री घसा अडवते. माणूस मोठ्याने घोरतो, श्वास थांबतो, दचकून पुन्हा सुरू होतो, रात्रीत कितीदा तरी. हातांना मुंग्या येऊन जाग येणे, पोटऱ्यांत गोळे येणे, हेही याच आजाराचे भाऊबंद. औषधाने घोरणे पुष्कळांचे कमी होते, सर्वांचे नाही. ज्यांचे राहते त्यांनी श्वासाची वेगळी तपासणी करून घ्यावी. मात्र रात्र नीट जात नाही म्हणून कुणी आपल्या मनाने झोपेची गोळी घेऊ नये. आजार बळावलेला असेल तर ती जिवावर बेतू शकते.

आपल्या देशात काय? हिमालयाच्या पायथ्याशी, कांग्रा खोऱ्यात, १९५६ पासून डॉक्टर रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीन घातलेल्या मिठाचा मोठा प्रयोग केला. मिठाने गलगंड हटतो हे दिसले आणि १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पण मीठ खाऊनही मोठ्या माणसांत, विशेषतः बायकांत, थायरॉईड मंदावते. शरीर आपल्याच ग्रंथीवर उलटते, त्यामुळे. ही तऱ्हा जपानच्या हाशिमोतो यांनी १९१२ साली प्रथम लिहून ठेवली. गुरुजींनाही इथे एक सांगणे आहे. वर्गात रोज पेंगणारे, उंचीने मागे राहिलेले, अंगाने गार असणारे पोर दिसले, तर छडी उचलण्याआधी आईबापांना रक्ततपासणी सुचवा.

शेवटी नेहमी विचारला जाणारा प्रश्न : गोळी घ्यावी केव्हा? रीत अशी की सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी; लोहाची वा कॅल्शियमची गोळी असेल तर मध्ये चार तास सोडून. रात्री घेतली तर झोप जाईल, अशी भीती पुष्कळांना वाटते. हॉलंडमध्ये डॉक्टर बोल्क यांनी नव्वद रोग्यांवर हे पडताळून पाहिले; २०१० साली निष्कर्ष छापला गेला. निजताना गोळी घेतल्यावर ती रक्तात थोडी अधिकच लागू पडली, आणि रोग्यांच्या एकंदर स्वास्थ्यात फरक पडला नाही. तेव्हा ज्या बाईला पहाटे धारा काढायच्या, डबे करायचे, आणि चहावाचून तास काढणे जमत नाही, तिने जेवणानंतर तीनेक तासांनी, निजण्याच्या वेळी गोळी घेतली तर चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.