खंड, कँडी आणि काटेरी हलवा

गेल्या काही वर्षांपासून जे. पी. नगरातील आमच्या वसाहतीत 31 ऑक्टोबर रोजी सायंकाळी लहान मुलांची एक वरात निघते. कोणी भुताचा मुखवटा चढवितो, कोणी चेटकिणीची उंच टोपी घालते, आणि ‘खाऊ द्या, नाही तर खोडी काढू’ असे इंग्रजीतून बजावीत ही मंडळी दारोदार हिंडतात. पहिल्या वर्षी आमच्या सौभाग्यवतींनी मोठ्या हौसेने घरी केलेल्या नारळाच्या वड्या त्यांच्या पिशव्यांत घातल्या. मुलांसमवेत आलेल्या एका मातेने त्या नम्रपणे परत केल्या. “गैरसमज नसावा, पण आम्ही वेष्टनातला खाऊच घेऊ देतो,” असे त्या म्हणाल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता. तरीही ती परत आलेली वडी मनात सलत राहिली. सरकारी नोकरीतील माणसास कोणत्याही प्रकरणाचे मागील कागद पाहिल्यावाचून चैन पडत नाही. मीही या प्रकरणाची पूर्वपीठिका चाळावयास घेतली. जे हाती आले ते सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे.

हॅलोविन म्हणजे ख्रिस्ती पंचांगातील सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. त्याच्या पाठोपाठ 2 नोव्हेंबरला मृतात्म्यांचा दिवस येतो. या दिवसांत इंग्लंडमध्ये गोरगरीब व मुले घरोघर जाऊन त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत व त्याबद्दल त्यांना मसाला घातलेला, बहुधा वर क्रूसाची खूण उमटविलेला लहानसा केक मिळे. आपल्या सर्वपित्री अमावास्येची आठवण व्हावी, अशीच ही चाल आहे. एकोणिसाव्या शतकात आयरिश व स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर हा सण अमेरिकेत गेला. तेथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुलांच्या पिशवीत घरची बिस्किटे, केकचे तुकडे, फळे, अक्रोड असेच पडत असे. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशनिंग झाले, ते 1947 मध्ये उठले, आणि त्यानंतर कारखान्यांच्या गोळ्यांचे दिवस आले.

पुढे भीतीही आली. 1974 साली टेक्सास राज्यात हॅलोविनच्या रात्री एक बालक विषारी मिठाई खाऊन दगावले. गुन्हेगार कोणी अनोळखी शेजारी नव्हता, तर मुलाचा सख्खा बापच होता, हे न्यायालयात सिद्ध झाले. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञांनी 1958 पासूनच्या वार्ता तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊतून मूल मेल्याचे एकही प्रकरण त्यांना खरे ठरलेले आढळले नाही. परंतु घरचा खाऊ एकदा संशयित ठरला तो ठरलाच. आमच्या दारातून परत आलेल्या वडीचे मूळ असे दूरदेशी आहे.

मौज अशी की, ज्या ‘कँडी’साठी मुले दार ठोठावतात, तो शब्द आपलाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उसाच्या रसापासून होणाऱ्या पदार्थांची यादी दिली आहे. त्यातील ‘खंड’ फारसीत ‘कंद’ झाला आणि अरबी व फ्रेंच यांच्या वाटेने इंग्रजीत ‘कँडी’ म्हणून पोहोचला. इ. स. 647 मध्ये चीनच्या थांग सम्राटाने साखर करण्याची विद्या शिकून येण्यासाठी मगधात माणसे धाडली होती.

साखरेमागोमाग तिची कलाकुसरही हिंडली असावी. आपला काटेरी हलवा घ्या. पाकात दूध घालून मळी काढावयाची, परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवर ठेवावयाचा, वरून चमचाभर पाक सोडावयाचा आणि तो सुकेपर्यंत दाणे बोटांनी फिरवीत राहावयाचे. एक पुट वाळले की दुसरे. थंडीतील पहाटे काटा चांगला फुलतो, असा गृहिणींचा अनुभव आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी सर ह्यू प्लॅट या इंग्रज गृहस्थाने बियांवर साखर चढविण्याची जी रीत लिहून ठेवली, तीत हाच निखारा, हाच पाक आणि हाताने ढवळणेही हेच आहे. जपानात तर ‘कोम्पेइतो’ नावाची काटेरी साखरगोळी होते. तिच्या पोटात पूर्वी तीळ वा खसखस असे. पोर्तुगीज धर्मोपदेशक लुईस फ्रोइस याने 1569 मध्ये ती ओदा नोबुनागा या सरदारास नजर केली होती. आणि हा फ्रोइस जपानात जाण्यापूर्वी कित्येक वर्षे गोव्यात राहिलेला होता. कोणी कोणापासून काय घेतले याचा निवाडा मी करीत नाही. केकवर सजावटीस पसरतात ते रंगीत साखरदाणे आणि नववधूच्या अंगावरचे हलव्याचे दागिने ही भावंडे आहेत, एवढे मात्र निश्चित. काळी चंद्रकळा नेसून संक्रांत साजरी करणाऱ्यांनी हॅलोविनच्या काळ्या पोशाखास नाक मुरडू नये, हेही ओघाने आलेच.

आता आपल्या बंगळूराकडे वळू. 1638 मध्ये विजापूरच्या सैन्याने हे शहर घेतले व ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून मराठी माणूस येथे नांदत आहे, आणि संक्रांतीस त्याला कधी परके वाटले नसावे. येथे मुली नटूनथटून तीळ, गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे व डाळे यांचे मिश्रण तबकात घेऊन घरोघर जातात. ‘एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि’ असे म्हणतात, म्हणजे तीळगूळ खाऊन चांगले बोला. आपल्या वाक्याचे हे सख्खे भाषांतर कोणी मुद्दाम केलेले नाही. तबकात ‘सक्करे अच्चु’ही असतात: पोपट, मासा, देऊळ अशा आकारांची साखरेची चित्रे. आमच्या कन्नड शेजारीणबाईंनी आम्हांस ती शिकविली. लाकडी साचे आदल्या रात्री पाण्यात भिजत घालावेत, म्हणजे साखर चिकटत नाही. दोन्ही अर्धे दोऱ्याने घट्ट बांधावेत. पाक दाट होऊन पांढुरका दिसू लागला की घोटून चटकन ओतावा. थोड्याच वेळात पोपट हाती येतो. पाडव्याच्या गाठी करणाऱ्यास यात नवे काहीच नाही.

गेल्या संक्रांतीस आम्ही एक प्रयोग केला. खाऊ दारात वाटण्याऐवजी वसाहतीतील मुलांनाच स्वयंपाकघरात बोलाविले. कढईपाशी वडीलधारी आणि साच्यांपाशी मुले, अशी वाटणी केली. कित्येक पोपटांच्या चोची मोडल्या, त्या तेथेच फस्त झाल्या. वडी परत करणाऱ्या त्या माताही मुलास घेऊन आल्या होत्या. जाताना त्यांनी दोन अच्चु व मूठभर हलवा रुमालात बांधून नेला. वेष्टनाची चौकशी केली नाही.

घरचा खाऊ देणे म्हणजे साखर देणे नव्हे, विश्वास देणे होय. जेथे एकमेकांचे स्वयंपाकघर कोणी पाहिलेले नसते, तेथे तो विश्वास विकतच्या वेष्टनावर ठेवावा लागतो. दोष हॅलोविनचा नाही आणि मुलांचा तर नाहीच. पन्नास वर्षांपूर्वी आपले मंडळ स्थापन करणाऱ्यांच्या घरी संक्रांतीस दार लोटलेलेच असे, असे ज्येष्ठ सभासद सांगतात. त्यांच्यापैकी हलव्यास काटा आणणारे हात आज मोजकेच उरले आहेत. येत्या पौषात मंडळाने चार शेगड्या, चार पराती व काही साचे मिळवून त्या हातांपाशी मुलांना बसवावे, आणि कन्नड शेजाऱ्यांनाही आवर्जून बोलवावे, एवढीच कार्यकारिणीस माझी विनंती आहे.