फॉरमॅट मारावा लागेल

दहावीच्या सुट्टीत आमच्या घरचा कम्प्युटर मेला. निदान आम्हाला तसं वाटलं. बाबांचं डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, पावतीपुस्तकं, सगळं विंडोज एक्सपीच्या एकाच मशीनवर चालायचं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले होते. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून सेकंडहँड बोर्ड आणला आणि जुनी हार्ड डिस्क त्याला जोडली. विंडोजचा लोगो आला, क्षणभर निळा स्क्रीन चमकला आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा लोगो, पुन्हा निळा स्क्रीन. त्यावरच्या लांबलचक कोडच्या शेवटी ‘७बी’ होतं, एवढं मी कसंबसं टिपलं.

दुरुस्तीला आलेले काका म्हणाले, "फॉरमॅट मारावा लागेल. डी ड्राइव्हला काही होणार नाही."

बाबा म्हणाले, "मारा मग."

बाबांचं काम डी ड्राइव्हवर नव्हतं. ते सी ड्राइव्हवर, माय डॉक्युमेंट्समध्ये होतं. सहा वर्षांच्या पत्रिका आणि जमवलेले फाँट तासाभरात गेले.

आज मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. त्यामुळे आता कळतं, की त्या दिवशी डिस्कला काहीही झालेलं नव्हतं. मग विंडोज उठत का नव्हतं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

ऑपरेटिंग सिस्टिमला आपल्या मशीनबद्दल किती माहीत असावं, हा प्रश्न पर्सनल कम्प्युटरइतकाच जुना आहे. १९७०च्या दशकात गॅरी किल्डाल यांनी सीपी/एम नावाची सिस्टिम लिहिली. तेव्हा प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं असायचं. दर वेळी सगळी सिस्टिम नव्यानं लिहिण्यापेक्षा त्यांनी हार्डवेअरशी बोलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला बायॉस म्हटलं. नवं मशीन आलं, की तेवढाच भाग बदलायचा.

१९८१मध्ये आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याचं बायॉस मदरबोर्डवरच्या चिपमध्ये होतं. डॉस फ्लॉपी किंवा डिस्क वाचायला बायॉसला सांगायचं आणि बायॉस ते काम करून द्यायचं. त्यामुळे डॉसची डिस्क एका पीसीतून काढून दुसऱ्यात घातली, तरी बहुधा चालायची. डॉस भाडेकरूसारखं होतं. घर बदललं तरी नळ उघडला की पाणी येणार, पाइप कुठून गेलाय याची चौकशी नाही.

पण बायॉसमार्फत चालणारं काम हळू होतं आणि एका वेळी अनेक कामं करू पाहणाऱ्या सिस्टिमला ते पुरणारं नव्हतं. १९९३मध्ये आलेल्या विंडोज एनटीनं स्वतःचे ड्रायव्हर वापरून हार्डवेअरशी थेट बोलायचं ठरवलं. डेव्ह कटलर यांच्या टीमला ही सिस्टिम इंटेलबरोबरच मिप्स आणि अल्फा या प्रोसेसरांवरही चालवायची होती. म्हणून त्यांनी तळाशी एक पातळ थर ठेवला, हार्डवेअर अ‍ॅब्स्ट्रॅक्शन लेयर, म्हणजे हॅल. वरच्या मजल्यांना खालच्या बोर्डाचे तपशील कळू नयेत, हे त्याचं काम.

गंमत अशी, की हा थरच बोर्डाला चिकटून बसला. आमचं एक्सपी याच एनटीच्या घराण्यातलं. एक्सपीमध्ये हॅलचे अनेक प्रकार होते आणि त्यातला कोणता घ्यायचा हे इन्स्टॉल करतानाच ठरायचं. डिस्क कंट्रोलरच्या ड्रायव्हरचंही तेच. समोर जो कंट्रोलर दिसेल, त्याचाच ड्रायव्हर ‘सुरू होतानाच लोड कर’ या यादीत जायचा.

आता आमचा निळा स्क्रीन उलगडतो. सुरुवातीला एक्सपी बायॉसच्या मदतीनंच डिस्क वाचतं, म्हणून लोगो दिसला. मग कर्नल सूत्रं हातात घेतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरनं डिस्क शोधतो. यादीत जुन्या बोर्डाच्या कंट्रोलरचं नाव होतं, समोर कंट्रोलर नवा होता. ज्या डिस्कवरून आपण आत्ता आलो, तीच आता सापडत नाही, असं कर्नल सांगत होता. ‘७बी’चा अर्थ एवढाच: जिच्यावरून सुरू व्हायचं, त्या डिस्कपर्यंत पोचता येत नाही.

याला उपाय होता. एक्सपीच्या सीडीतच रिपेअर इन्स्टॉलची सोय होती. विंडोज पुन्हा बसायचं, हार्डवेअर नव्यानं ओळखायचं आणि फाइली जागच्या जागी राहायच्या. ते जमलं नसतं, तरी डिस्क शेजारच्या कम्प्युटरला जोडून पत्रिका काढून घेता आल्या असत्या. काकांवर माझा राग नाही. अख्ख्या गल्लीला एकच उपाय माहीत होता आणि तो बहुतेक वेळा चालायचा.

२००१मध्ये एक्सपीनं आणखी एक गाठ मारली होती, अ‍ॅक्टिव्हेशनची. मशीनच्या भागांवरून एक ओळख तयार व्हायची आणि त्यातले बरेच भाग बदलले, की विंडोज पुन्हा परवानगी मागायचं. मशीनबरोबर आलेल्या लायसन्सच्या बाबतीत तर मायक्रोसॉफ्टच्या हिशेबानं मदरबोर्ड म्हणजेच कम्प्युटर. बिघडलेला बदलला तर ठीक, हौसेनं बदललात तर ते नवीन मशीन.

लिनक्सनं वेगळी वाट धरली. शक्य तितके ड्रायव्हर सोबत ठेवायचे आणि दर वेळी सुरू होताना समोर काय आहे ते पाहायचं. २०००मध्ये क्लाउस क्नॉपर यांनी काढलेली क्नॉपिक्सची सीडी कुठल्याही पीसीत टाकली, तरी बहुतेकदा थेट डेस्कटॉपपर्यंत पोचायची. विंडोजही हळूहळू तिकडेच वळलं. व्हिस्टापासून हॅल सुरू होताना निवडता येऊ लागला. विंडोज १० तर नव्या बोर्डावर बहुधा स्वतःच सावरून घेतं आणि २०१६पासून त्याचं लायसन्स आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडता येतं.

मग प्रश्न सुटला? मागच्या वर्षी बाबांच्या लॅपटॉपचा बोर्ड बदलावा लागला. चालू केल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागणारा स्क्रीन आला. तोही निळाच. आता डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते आणि तिचं कुलूप रोजच्या रोज आपोआप उघडणारी किल्ली बोर्डावरच्या टीपीएम चिपच्या ताब्यात असते. बोर्ड गेला, की तीही गेली. एक्सपीच्या वेळी डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून वाचता आली असती. आता तसं नाही. तो ४८ आकडी नंबर नसेल, तर फाइली खरोखरच गेल्या.

बाबांनी विचारलं, "फॉरमॅट मारावा लागेल का?"

त्यांची डिस्क एन्क्रिप्ट झालीय, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना मी त्यांचं अकाउंट काढून दिलं होतं. की तिथे सेव्ह झालेली सापडली. मी फोनवर पाहून आकडे वाचत गेलो, बाबा टाइप करत गेले. पत्रिकांचे फोल्डर होते तसे उघडले.

नंतर बाबांनी ते आकडे दुकानाच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले, सहा-सहाच्या आठ गटांत. तुमचे कुठे आहेत, ते आजच बघून ठेवा.